मेढीखालचं वारूळ

कौलं उतरवायला माणसं छपरावर चढली तरी आनंदीबाईची पूजा आटपेना. माजघरात मेढीपाशी ती दुधाची वाटी घेऊन बसली होती आणि दारात तिचा धाकटा दीर कुशाबा तोंडाशी आलेला शब्द गिळत उभा होता. तो मुंबईहून खास पावसाआधीच्या शाकारणीसाठी रजा काढून आलेला. गिरणीवाले रजा देतात ती उपकार केल्यासारखी. शिवाय अर्धा उंबरकोंड सकपाळांच्या घरची कौलं परतायला मदतीला आला होता आणि अंगणात तंबाखू मळत खोळंबला होता. पण मेढीची पूजा झाल्याशिवाय ह्या घरातलं एक कौल हलायचं नाही, हे पुरतं ठाऊक असल्यामुळे कुशाबा फक्त एवढंच म्हणाला,

"वैनी, देव काय पळून चाललाय?"

"पळनारा आसता तर भूकंपात पळाला आसता," आनंदी मागे न बघता म्हणाली. "तवा नाय हालला."

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे पोलादपूरच्या वरच्या अंगाला सगळ्या वाड्या अंगणात येऊन बसल्या होत्या. उंबरकोंडात कुणाची भिंत बसली, कुणाचा गोठा आडवा झाला. सकपाळांची मात्र वळचणीची कौलं तेवढी घसरली. त्या दिवसापासून वाडीतल्या बायकाही येता-जाता सकपाळांच्या मेढीला हात जोडायला लागल्या, आणि आनंदीच्या चालण्यात थोडा तोरा आला. तो तिला शोभतही होता.

मेढ म्हणजे घराचा मधला खांब. आढ्याचा सगळा भार तिच्यावर. घर बांधताना पहिली पूजा तिची होते, आणि सकपाळांच्या मेढीच्या बुंध्याशी तर वारूळ होतं. चांगलं कमरेएवढं, तांबूस, हळदीकुंकवानं माखलेलं. ते आलं त्याची गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती. आनंदीच्या लग्नाला तप उलटून गेलं तरी पाळणा हलला नव्हता. तिच्या नवऱ्याला, सयाजीला, दुसरी करून द्यावी असं भावकी ओट्यावर बसून बोलायला लागली. सयाजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आनंदीनं आधी बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं. त्याच श्रावणात मेढीच्या बुडाशी मुठीएवढा ओल्या मातीचा उंचवटा दिसला. नागपंचमीला बायका वारूळ पुजायला पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठापर्यंत चालत जातात, आणि इथं वारूळ आपल्या पायानं घरात आलं होतं. सासरे मालोजी आत आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "कुनी हात लावू नका. देव आलाय."

पुढच्या श्रावणाच्या आत ठमी झाली. मुलगी झाली म्हणून नाक मुरडायची कुणाची छाती नव्हती. गेलेल्या सासूचं नाव आनंदीनं स्वतः हौसेनं तिला ठेवलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी वाटीभर दूध आणि तांब्याभर पाणी वारुळाला. ठमीचं अंथरूणही तिथंच, मेढीला लागून, देवाच्या सावलीत.

वाटी रिकामी झाली तसा आनंदीनं पदर सावरला. "घ्या. करा आता काय करायचं ते."

कुशाबा माकडासारखा वर गेला.

कौलं उतरवायचं काम तसं मजेचं असतं. वरून कौल खाली येतं, या हातातून त्या हातात जातं, अंगणात त्याच्या उतरंडी लागतात, फुटकी वेगळी पडतात, आणि वर्षभर साठलेल्या चेष्टामस्करीला तोंड फुटतं. धाकटी जाऊ राहीबाई ओळीत आनंदीच्या शेजारी उभी होती. दोघींचं तोंड सहसा एका दिशेला नसे. दुधावरून तर रोजचं होतं. राहीचे दोन मुलगे जेवायला बसले की ती मोठ्यानं म्हणायची, "कोरडाच खावा रे बाबांनो, दूध देवानं पिलं." आनंदी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तरी ओळीत त्या नेहमी शेजारीच उभ्या राहत. एकीच्या हाताची सवय दुसरीला होती.

अर्धं छप्पर उघडं झालं होतं. कुशाबा आढ्यावर बसून पुढं सरकला आणि आतून आवाज आला, जाडजूड माणूस खाटेवर बसल्यासारखा. आढं मधोमध खाली दबलं. वासे सुटून वळचणीकडे घसरले.

"कुशा, हालू नको!" सयाजी खालून ओरडला. "जागचा हालू नको. हरिबा, शिडी आन हिकडं!"

हरिबा वरच्या धनगरवाड्यातला, सकपाळांच्या घरचं काम म्हटलं की डोंगर उतरून येणारा. त्यानं शिडी लावली आणि कुशाबाला कमरेला धरून उतरवून घेतलं. उतरल्यावर कुशाबा हसला, पण शिडी काही सोडेना. राहीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

सगळे आत धावले. मेढीच्या माथ्यावरून पिवळसर भुसा सरसरत खाली येत होता. वारुळावरच्या हळदीकुंकवावर त्याचा थर बसला होता. सयाजीनं कमरेची कोयती काढली, मेढीवर उलटी वाजवली. वाजलं ते लाकूड नव्हतं, डबा होता. मग त्यानं टोक दाबलं. शिजलेल्या सुरणात जावी तशी कोयती मुठीपर्यंत आत गेली.

कोयती बाहेर काढली तेव्हा तिच्या पात्यावर पांढरे किडे वळवळत होते.

"वाळवी," हरिबा म्हणाला, आणि लगेच गप्प झाला, कारण आनंदी त्याच्याकडे बघत होती.

कुशाबाला मात्र गप्प बसणं जमलं नाही. मरता मरता वाचलेला माणूस, त्याचं डोकं ठिकाणावर कुठलं असणार. "दादा, वारूळ फोड आन मेढ काढ. आत्ताच्या आत्ता. छप्पर उघडं पडलंय, माळ्यावर वर्साचं भात हाय. ढग रोज सांजचे म्हाबळेश्वराच्या अंगाला भरतायत. आज आला पाऊस तर काय करनार? आन कौलं परत चढवायची तर ह्या भुश्यावर चढवनार काय?"

"वारुळाला हात लावायचा नाय," आनंदी म्हणाली.

"वैनी, घर खाल्लंय त्यानं!"

"त्यानं घर राखलं. भूकंपात कुनी राखलं?"

"भूकंपात मेढीचं वरचं कातडं तरी धड व्हतं. वैनी, वाळवीला ओल लागते. तू रोज दूध आन पानी घातलंस. तूच पोसलंस तिला."

बोलला तो, आणि बोलल्याबरोबर त्यालाही कळलं. माजघरात जे चारपाच शेजारी होते त्यांना एकाएकी अंगणात कामं आठवली. आनंदीच्या हातातली दुधाची रिकामी वाटी तशीच होती. ती आता तिला कुठं ठेवावी ते समजेना.

"तोंड आवरा," राही म्हणाली.

कुशाबा बायकोकडे वळला. "मी? आगो, तूच मला सांगत व्हतीस ना, पोरांच्या तोंडचं दूध वारुळात जातं म्हनून?"

"सांगत व्हते. माज्या जावंला मी बोलीन. तुमी कोन बोलनार?" राही पुढं येऊन आनंदीच्या बाजूला उभी राहिली. "आक्काला इचारल्याबिगर हितं कुनी कुदळ आनायची नाय."

आनंदीला वाटलं, निदान आता नवरा बोलेल. सयाजी बोलला, पण खाली मान घालून. "इचारायला येळ नाय. मेढ आज काढली पायजे. आन वारूळ बी."

भावकी दुसऱ्या लग्नाचं बोलत होती तेव्हा हा माणूस असाच मान घालून बसला होता. आनंदीला ते सगळं एकदम आठवलं. ती खाली बसली, वारुळाला पाठ लावून, पाय पसरून. "मग माज्यावर घाला कुदळ. माजी पोर ह्यानं दिलीय. ह्याला फोडलंत आन तिला काय झालं तर? कोन भरून देनार मला? बोला की. हाय कुनी देनारा?"

राहीनं नवऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं. हरिबा आधीच गेला होता. सयाजी तेवढा राहिला. तो आला आणि बायकोच्या शेजारी खाली बसला, जमिनीवर. वर बघितलं तर वाशांमधून आभाळ दिसत होतं. आपल्याच माजघरात बसून आभाळ बघायचं म्हणजे कुणी आपल्या अंगावरचं लुगडं ओढल्यासारखं आनंदीला वाटलं.

"आपन वारूळ ठेवू," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "मेढ तेवढी काढा. नवी शेजारी लावा."

"लावली आसती. पन खानारी आत हाय. ती आत हाय तवर नवी मेढ बी जाईल, वासे बी जातील. मग हे समदं छप्पर कधीतरी निजलेल्या मान्सांवर येईल." सयाजी थांबला. बोलायची सवय नसलेला माणूस, एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा काढत होता. "एक इचारू? ठमीचं आंथरून तू कुठं घालतीस?"

"हितं. ठावं हाय की."

"आन सकाळी कुठं आसतं?"

"दारापाशी. लई लोळती कार्टी."

"पोर लोळल," सयाजी म्हणाला. "आंथरून कसं लोळल गो?"

आनंदीनं त्याच्याकडे पाहिलं. कित्येक महिने ती रोज सकाळी ते अंथरूण दारापाशी गोळा करत होती, घडी घालत होती, हसत होती, आणि हा साधा प्रश्न तिच्या डोक्यात आला नव्हता.

"तुमी वढत व्हता?"

"तू निजलीस की."

"कवापास्नं?"

"भूकंप झाला तवापास्नं. तुमी समदी देवाला हात जोडत व्हता. मी मेढीला कान लावला. आत चालू व्हतं. कुरकुर, कुरकुर. मग मला काय झोप आली नाय."

"रोज?"

"पोर हाय ना माजी," सयाजी म्हणाला.

दारात राही उभी होती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आक्का, आता निघालंच हाय तर सांगते. तुमी उठायच्या आधी मी हितला भुसा झाडून काढत व्हते. मागल्या दिवाळीपास्नं. तुमच्या नजरला पडू नये म्हनून."

"तू?" आनंदीला हसावं की रडावं कळेना. "तू तर दुधावरनं रोज मला टाकून बोलतीस!"

"ती गोष्ट येगळी. दुधाचं मी आजून बी बोलीन."

आनंदी उठली. एक नवरा, एक जाऊ; आता तिला तिसऱ्याला विचारायचं होतं, ज्यानं हे सगळं सुरू केलं त्याला. ती ओट्यावर आली. मालोजी खांबाला टेकून सुंभ वळत बसले होते, वासे बांधायचा. घरात एवढं झालं तरी त्यांची मांडी मोडली नव्हती की हात थांबला नव्हता. सासऱ्यासमोर आनंदी कधी नजर वर करून बोलली नव्हती. आज डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ विचारलं,

"मामंजी, तुमाला म्हायती व्हतं?"

मालोजींनी सुंभाला पीळ घातला, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि अंगणाकडे बघून म्हणाले, "हरिबा, गोठ्याच्या मागं पेंढा हाय बघ. त्याच्याखाली लाकूड हाय. दोघंतिघं जावा आन घेऊन या. जड हाय."

माणसं गेली. पेंढ्याच्या भाऱ्याखालून जे लाकूड त्यांनी खांद्यावर घालून आणलं ते बघून अंगणातली कुजबुज थांबली. ऐनाचा सोट, सरळ, काळपट, चारही अंगांनी तासलेला. डोहाच्या पाण्यात मुरवलेला आणि सावलीत सुकवलेला. असं लाकूड एका वर्षात होत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही कळतं. आनंदी त्याच्याजवळ गेली, हात फिरवला. उंची मेढीची होती. माथ्याला आढं बसायची खोबणसुद्धा कोरलेली होती.

"कवा पाडलंत हे झाड?"

"ठमी रांगत व्हती तवा."

"तवापास्नं ठावं हाय तुमाला, ही वाळवी हाय म्हनून?"

"आधीपास्नं," मालोजी म्हणाले. "घरं बांधन्यात जल्म गेला माजा. वाळवी वळखनार नाय काय मी?"

"मग सांगितलं का नाय?" तिचा आवाज चढला. अंगणात माणसं आहेत, सासरा समोर आहे, कशाचंच भान राहिलं नाही. "देव आलाय म्हनालात तुमी! समदी मिळून मला येडी करून ठेवलीत. मी पोसत बसले, आन तुमी समदी बघत बसलात. का नाय सांगितलं?"

मालोजींनी सुंभ खाली ठेवला.

"तू हसाया लागली व्हतीस," ते म्हणाले.

मांडीवरचा काथ्या झटकत त्यांनी पुढचं सांगितलं. "तू जेवत नव्हतीस. ठमीच्या आजीमागं ह्या घरात कर्तं बाईमानूस म्हंजे तू. मला काय सुचंना. मग ते मातीचं ढेकूळ दिसलं आन तोंडातनं निघून गेलं. सांजच्याला तू जेवलीस. मग पोर झाली. म्हनलं, लाकूड चांगलं हाय, मेढ थांबल काय वर्सं. तवर दुसरं तयार करू. लाकूड तयार झालं, पन तुला सांगायचं धाडस नाय झालं बाय."

आनंदीनं ओट्याच्या कडेला टेकून डोळे पुसले. रागाचं एवढं मोठं ओझं तिनं उचलून आणलं होतं, आता ते कुणाच्या अंगावर टाकायचं?

"म्हंजे समद्यांना म्हायती व्हतं?" कुशाबाचा आवाज आला. "दादाला म्हायती, आबांना म्हायती, हिला बी म्हायती. आन मला आढ्यावर चढवलंत?"

"तुमी काय इचारून चढता काय कशावर?" राही म्हणाली. अंगणात हशा पिकला. कुशाबालाही हसावं लागलं, आणि त्या हसण्यात त्यानं वहिनीकडे बघून हळूच कान धरले. आनंदीनं मान हलवली. झालं गेलं, असं.

सयाजीनं विचारलं, "गुरवाला बोलवू? देवळात कौल लावून इचारू, फोडू का नको म्हनून?"

"नको," आनंदी म्हणाली. "नको म्हनाला तर छप्पर पडंल. हो म्हनाला तर मी जल्मभर त्याच्यावर रुसंन. मी पुजलं, मीच उठवीन. कुदळ द्या हिकडं."

ती पदर खोचून निघालीसुद्धा. सयाजीनं तिच्या हातातली कुदळ धरली. "आगो थांब. आधी टेकू देऊ आढ्याला. का देवासंगट आमाला बी उठवतीस?"

आढ्याच्या दोन्ही अंगांना जाड वासे उभे केले, बुडाशी पाचरी ठोकल्या, तेव्हा कुठं भार मेढीवरून सुटला. माळ्यावरचं भात शेजारच्या पडवीत गेलं. मग आनंदी म्हणाली, "ठमीला माज्या म्होरं बसवा. मला दिसली पायजे."

ठमीला उंबऱ्यावर आणून बसवलं. तिच्या ओच्यात करवंदं होती. ओठ काळे झाले होते आणि सगळे आपल्याकडे का बघतायत हे तिला कळत नव्हतं. आनंदीनं हात जोडले, मनात जे म्हणायचं ते म्हणाली, आणि लेकीवरची नजर न काढता कुदळ उचलली. सहा वर्षांचं सुख, नवस, भीती, सगळं त्या कुदळीच्या दांड्यावर आलं होतं. तिनं घाव घातला.

मातीचा कपचा उडाला. ठमीनं करवंदाची बी थुंकली आणि दुसरं करवंद तोंडात टाकलं.

आनंदीनं दुसरा घाव घातला. मग तिसरा. मग तिला रडू फुटलं, पण हात थांबला नाही. वारुळाच्या पोटात पोकळ्या निघाल्या, एकात एक. त्यांतून वाळवीचा लोट बाहेर आला. नाग नव्हता. तिच्या मनात कुठं तरी होतं, नाग असेल, निदान कात तरी असेल. काही नव्हतं. पुढं खणायला कुशाबानं पहार घेतली, आणि मेढीच्या कुजलेल्या बुंध्याखाली, हातभर खोल, एक भाकरीसारखी चपटी कोठी निघाली. ती फुटली तशी सयाजी म्हणाला, "हीच ती."

आत बोटाएवढी, पांढरी, फुगलेली वाळवी होती. तिला हलताही येत नव्हतं. तिच्या अंगाभोवती हजारोंनी पोरं लगटली होती.

"राणी म्हंत्यात तिला," सयाजी म्हणाला. "समद्यांची आई. ही गेली की बाकीची जात्यात."

आनंदीनं कुदळ खाली ठेवली. एवढा वेळ तिनं काही मागितलं नव्हतं, आता तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो मागं सरला. राही वाकली. तिनं पळसाच्या पानावर ती राणी उचलली, पान मिटलं आणि परसात गेली. परसात कोंबड्या होत्या. कुणी काही विचारलं नाही, आणि राहीनंही पुढं कधी सांगितलं नाही.

बाकी काम मग पुरुषांचं. जुनी मेढ ओढली तर तिचे दोन तुकडे झाले. पूर्वी ती थेट मातीत पुरलेली होती. सयाजी म्हणाला, आता मातीत पुरायची नाही, खाली दगड पाहिजे. तेव्हा आनंदीनंच परसातल्या जुन्या जात्याची तळी दाखवली. सासूबाईंचं जातं, झिजून गुळगुळीत झालेलं, वरची पाळ फुटल्यापासून तळी नुसतीच पडून होती. खड्डा दगडगोट्यांनी ठेचून भरला, त्यावर तळी बसवली, आणि नव्या मेढीच्या बुडाचा खुंटा तळीच्या मधल्या भोकात असा बसला की मालोजींनी ओट्यावरून विचारलं, "बसला काय?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुंभ घेतला. घाटरस्त्याच्या कामावरून आणलेलं डांबर कुशाबानं बुडाला फासलं. भिंतीला लागून रचलेली लाकडं हरिबानं परसाच्या टोकाला नेऊन टाकली. मोरीचं पाणी भिंतीकडेच मुरत होतं, त्याला सयाजीनं चर खणून बागेकडे वाट करून दिली.

वारुळाची माती आनंदीनं टाकू दिली नाही. असली चिकण माती विकत मिळत नाही. अर्धी राहीनं चुलीला लिंपायला घेतली. उरलेली आनंदीनं परसातल्या उंबराखाली नेऊन ठेवली, थापून, वर दोन फुलं वाहून. नागपंचमीला तिथं बसता येईल. दूध मात्र राहीच्या पोरांना.

दुपार कलता महाबळेश्वराकडून ढग आले. सगळी वाडी छपराला लागली. जेवायला कुणी उतरलं नाही. राहीनं भाकऱ्या वर पोचवल्या. शेवटची कौलं बसत असताना टपोरे थेंब आले, चार शिंतोडे पाडून सावित्रीच्या खोऱ्याकडे निघून गेले. कुशाबा पुन्हा आढ्यावर बसला होता, मुद्दाम, नव्या मेढीच्या बरोबर वर. "हालत नाय!" तो ओरडला. "वैनी, तुज्या सासूच्या जात्यावर बसलोय मी!"

"उतर खाली मेल्या," आनंदी म्हणाली, आणि सगळ्या अंगणादेखत हसली. ओट्यावर मालोजींनी मान वर करून सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दिवेलागणीला तिनं नवी मेढ पुजली. हळदकुंकू लावलं. पाण्याचा तांब्या हातात होता, तो तिनं तुळशीला नेऊन ओतला. मग अंथरुणं घालायला आत आली. ठमीचं अंथरूण उचलून ती क्षणभर उभी राहिली. सयाजी दारातून बघत होता. तिनं त्याच्याकडे न बघता ते मेढीला लावून घातलं, नेहमीच्या जागी.

"आई, देव कुठं गेला?" ठमीनं विचारलं.

"उंबराखाली ऱ्हायला गेला. हितं त्याला अडचन व्हत व्हती."

एवढं ठमीला पुरलं. ती आडवी झाली आणि झोपली.

सकाळी आनंदी उठली तेव्हा कौलांच्या फटीतून उजेड आत आला होता. सवयीनं ती आधी दारापाशी गेली, अंथरूण गोळा करायला. दारापाशी काही नव्हतं. ठमी मेढीच्या कुशीत, घातल्या जागी, हातपाय पसरून झोपली होती. आणि पलीकडे सयाजी. रोज कोंबड्याच्या आधी उठणारा तो माणूस, सूर्य वर आला तरी तोंड उघडं टाकून घोरत पडला होता. आनंदीनं त्याला उठवलं नाही. राही झाडू घेऊन आत येत होती, तिलाही तिनं बोटानं दारातच थांबवलं.